पाना कधी आपल्या हाती, कधी प्लंबरच्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नळ, मोरी, गीझर आणि ओल यांविषयीची होती. शब्द निरनिराळे असले तरी मुळातला प्रश्न एकच होता : घरातले पाण्याचे कोणते काम स्वतः करावे आणि कोणत्या कामासाठी प्लंबरला बोलवावे? त्यातील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मोठी पत्रे संक्षेपाने घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातला पितळी नळ वर्षभर ठिबकतो आहे. एवढ्याशा कामासाठी प्लंबर येत नाहीत, आणि आले तर 'पूर्ण नळच बदला' म्हणतात. माझे वय 67 आहे, हात अजून चांगले चालतात. हे काम मला जमेल का? (एक वाचिका, कोथरूड, पुणे)

उत्तर : जमेल. वयाची अडचण यावी इतके हे काम जड नाही. आधी गळतीचे माप घ्या, म्हणजे कामाची निकड कळेल. नळाखाली मापाचा पेला बरोबर 15 मिनिटे ठेवा आणि जमलेल्या पाण्याला 96 ने गुणा. पेल्यात 200 मिलिलिटर पाणी जमले असेल, तर दिवसाला 19 लिटरांहून अधिक पाणी वाया जात आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना आपल्याकडे माणशी दररोज 135 लिटर पाणी धरले जाते. म्हणजे एका माणसाच्या पाण्याचा सातवा हिस्सा तुमच्या सिंकमधून रोज निघून जातो.

स्वतः काय करावे याविषयी मी एक दंडक पाळतो आणि तोच सर्वांना सांगतो. ज्या भागाचे पाणी मी माझ्या हाताने बंद करू शकतो आणि ज्याचा सांधा मला डोळ्यांनी दिसतो, ते काम माझे. सांधा भिंतीत किंवा फरशीखाली असेल, किंवा त्या कामात वीज, गॅस अथवा शेजाऱ्याचे घर गुंतलेले असेल, तर ते काम प्लंबरचे. तुमचे काम पहिल्या प्रकारचे आहे. मात्र पाणी खरोखर बंद होते का, हे पाना हाती घेण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह फिरवा आणि नळ उघडून धार पूर्ण थांबते का ते पाहा. जुना गेट व्हॉल्व्ह जाम झालेला असतो. त्यावर जोर केला तर आतला दांडा तुटतो आणि मग तो ना उघडा राहतो, ना बंद. तो सहज फिरत नसेल तर इथेच थांबा आणि प्लंबरकडून आधी तो व्हॉल्व्ह बदलून घ्या. हा खर्च पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत उपयोगी पडेल.

पाणी बंद झाल्यावर नळ उघडा ठेवून आतले पाणी निथळू द्या आणि सिंकच्या भोकावर जुने फडके पसरा, कारण छोटा स्क्रू एकदा जाळीतून खाली गेला की काम दुप्पट होते. नळाच्या मुठीवरची टिकली बोथट सुरीने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर ओढून काढावी. आता एका हाताने नळाचे अंग घट्ट धरावे आणि दुसऱ्या हातातल्या पान्याने वरचा षट्कोनी भाग घड्याळाच्या उलट दिशेने सैल करावा. अंग धरून ठेवायला विसरू नका, कारण तसे न केल्यास पान्याचा सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर जातो. आतून जो दांडा बाहेर येतो त्याला प्लंबर स्पिंडल म्हणतात, आणि त्याच्या टोकाला रबरी वॉशर असतो. तो वॉशर उलटा करून पाहा; त्यावर बांगडीचा ठसा उठावा तशी एक गोल खाच दिसेल. नळातल्या पितळी बैठकीचा काठ वर्षानुवर्षे दाबला गेल्याने ती पडलेली असते आणि तिच्यातूनच पाणी वाट काढत असते. वॉशर दगडासारखा कडकही झालेला असेल.

हाच जुना वॉशर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. 'अर्धा इंची नळाचा वॉशर द्या' एवढे सांगून भागत नाही, कारण जाडीत आणि मधल्या भोकात फरक असतो. नवा बसवण्यापूर्वी करंगळीचे टोक आत घालून बैठक चाचपा. ती गुळगुळीत लागली तर नवा वॉशर बरीच वर्षे टिकेल. ती खरखरीत किंवा एका बाजूला खाल्ल्यासारखी लागली तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जाईल, आणि तशा वेळी 'पूर्ण नळच बदला' हा प्लंबरचा सल्ला बरोबर होता असे समजावे. सगळे पुन्हा जोडून झाल्यावर व्हॉल्व्ह एकदम न उघडता हळूहळू उघडा. पाणी आता तोंडातून न ठिबकता मुठीखालून पाझरू लागले, तर वॉशरचा दोष नाही. तिथली पॅकिंगची चकती अर्धा फेरा आवळली की बहुधा ते थांबते.

पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतील तर त्यांत रबरी वॉशर नसतो, चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला की नळ ठिबकतो. असा स्पिंडल धुऊन भागले नाही तर तो संपूर्ण बदलावा लागतो आणि तो त्याच कंपनीचा घ्यावा लागतो.

प्रश्न : घरात कोणती अवजारे ठेवावीत? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : दहा इंची स्क्रू पाना, दोन आकारांचे पेचकस, टेफ्लॉन टेपची दोन रिळे, निरनिराळ्या वॉशरची पुडी, चांगली विजेरी, बादली आणि पुष्कळ जुनी फडकी एवढ्यात घरचे काम भागते. दातेरी पाइप पाना मात्र घेऊ नये असे माझे मत आहे, कारण त्याने चकचकीत नळांवर चरे पडतात, आणि त्याच्या लांब दांड्यामुळे आपण नकळत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतो. टेप गुंडाळताना आट्यांचे तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर सांधा आवळताना ती सुटून बाहेर येते.

प्रश्न : न्हाणीघराचे नूतनीकरण करायचे आहे. माझ्या पुतण्याने व्हिडिओ पाहून सीपीव्हीसी पाइप (गरम पाणीही सोसणारे प्लास्टिकचे पाइप) जोडण्याचे काम शिकून घेतले आहे आणि मजुरी वाचवण्यासाठी सर्व लाइन आपणच टाकू असे तो म्हणतो. आपले मत काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुतण्याची हौस चांगली आहे, पण भिंतीत गाडली जाणारी लाइन त्याने टाकू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. पाइप जोडणे वरवर फार सोपे दिसते. करवतीने सरळ कापायचा, कड घासायची, सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पाइप चिकटवण्याचा द्रव, लावायचे, थोडा पीळ देत फिटिंगमध्ये बसवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. पण हा सांधा एकदा बसला की सुटत नाही. चूक झाली तर तो तुकडा कापूनच टाकावा लागतो. पाइप तिरका कापला गेला, शेवटपर्यंत आत गेला नाही, सीपीव्हीसीला साध्या पीव्हीसीचे सिमेंट वापरले किंवा ते वाळण्यापूर्वीच पाणी सोडले, तर सांधा त्या दिवशी कोरडा दिसेल आणि टाइल बसवल्यावर काही महिन्यांनी पाझरू लागेल. उघड्यावरच्या सांध्याची चूक लगेच दिसते आणि तासाभरात सुधारते, तर भिंतीतली चूक कळते तेव्हा टाइल फोडावी लागते, आणि तशीच टाइल तोवर बाजारात मिळेनाशी झालेली असते.

मी हे माझ्या अनुभवावरून सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी वॉशबेसिनखालचा गंजलेला अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू नळ, मी स्वतः बदलायला घेतला. कॉक बाहेर दिसतो, म्हणून सांधाही दिसतो आहे, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात त्याचे आटे भिंतीतल्या एल्बोमध्ये (पाइपाच्या वळणाच्या जोडात) रुतलेले होते आणि मला त्यांची अवस्था दिसणे शक्यच नव्हते. पान्याला जोर दिला आणि कॉक अर्ध्यात मोडून माझ्या हाती आला. उरलेले पितळ भिंतीतच राहिले. मी न्हाणीघराचा व्हॉल्व्ह बंद केला होता, पण तो पूर्ण बसत नाही हे तपासले नव्हते. गच्चीवरच्या टाकीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली शोधण्यात जवळजवळ पाऊण तास गेला. तोवर पाणी दिवाणखान्यातून जिन्यावर आले आणि खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग उमटला. त्या घराचे रंगकाम मी करून दिले. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरने उलट्या आट्यांचे एक छोटे अवजार त्या मोडक्या तुकड्यात हळूच ठोकून बसवले आणि डावीकडे फिरवून तुकडा अखंड बाहेर काढला. त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. तेव्हापासून भिंतीत शिरणाऱ्या आट्यांना मी हात लावत नाही.

तुमच्या कामात पुतण्याला द्यावे असे काम आहे, आणि तेही महत्त्वाचे आहे. लाइन टाकून झाल्यावर, भिंत बुजवण्यापूर्वी, प्लंबरला हातपंपाने दाबाची चाचणी घ्यायला लावायची. काटा काही तास जागेवरून ढळता कामा नये, आणि त्यावर लक्ष पुतण्याने ठेवायचे. प्रत्येक भिंतीचे, टेप लावून मोजमाप दिसेल असे, छायाचित्र त्याने काढून ठेवावे. पुढे आरसा किंवा कपाट अडकवताना ड्रिल पाइपात जाणे त्यामुळे टळेल. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जमिनीवर किमान 24 तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का हेही पाहावे. चाचण्यांना कंत्राटदार कंटाळा करतात. पैसे त्या झाल्यावरच द्यायचे, हे आधी ठरवून घ्या.

प्रश्न : मोरीत पाणी तुंबते. दुकानदाराने आधी पावडर दिली, तिने उपयोग झाला नाही म्हणून ॲसिड दिले. ते टाकू का? (एक वाचिका, कल्याण)

उत्तर : कृपया टाकू नका. तुंबलेले पाणी मोकळे करण्याची पावडर बहुधा कॉस्टिक सोड्याची असते. ती अजून पाइपात असताना वर ॲसिड पडले तर प्रचंड उष्णता निर्माण होऊन ते मिश्रण तोंडावर उसळू शकते. त्याचप्रमाणे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही दोन एकत्र आली तर क्लोरिन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फार घातक ठरतो. आता भरपूर साधे पाणी ओतून दोन दिवस जाऊ द्या. प्लंबर आला तर आत काय टाकले आहे ते त्याला आधी सांगा. तो उघड्या हाताने काम करणार असतो.

खरे पाहता मोरी बहुतेक वेळा केसांनी तुंबते आणि केस रसायनाने नव्हे, हाताने निघतात. जाळी उचला. खाली वाटीसारखा जो भाग असतो त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात आणि त्यातले पाणी मुद्दामच साठवलेले असते; साधारण 50 मिलिमीटर उंचीचे ते पाणी गटारातली दुर्गंधी आणि झुरळे घरात येऊ देत नाही. हातमोजे घाला आणि टोक वाकवलेल्या जाड तारेने आतला गुंता हळूहळू वर ओढा. साबणाच्या राखाडी लगद्यात गुंफलेली केसांची वेणीच बाहेर येईल, आणि ती सगळी निघाली की पाणी धडधड खाली जाईल. बेसिनखालची प्लास्टिकची वाटीही बादली खाली ठेवून हाताने फिरवून काढता येते. रबरी पंप मारायचा असेल तर ओव्हरफ्लोचे भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो.

फ्लश केल्यावर मोरीतून पाणी वर येत असेल, किंवा दोन ठिकाणी एकाच वेळी तुंबत असेल, तर अडथळा तुमच्या ट्रॅपमध्ये नसून पुढच्या लाइनीत आहे. तिथे आपली तार पोहोचत नाही. गृहनिर्माण संस्थेला कळवा.

प्रश्न : खालच्या घरातल्या छताला ओल आली आहे आणि ते आम्हाला दोष देतात. आमच्याकडे काहीच गळताना दिसत नाही. आधी प्लंबरला बोलवावे की आधी कारण शोधावे? (एक वाचक, बोरिवली, मुंबई)

उत्तर : कारण शोधण्याचा पहिला टप्पा तुम्ही आणि तुमचे शेजारी मिळूनच पार पाडू शकता, आणि तो पार पाडल्याशिवाय प्लंबरला बोलावल्यास तो अंदाजाने फोडाफोड सुरू करण्याची शक्यता अधिक असते. शेजाऱ्यांना ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायला आणि तारीख लिहायला सांगा. मग एक दिवस तुमच्या न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवा, आणि त्या दिवशी अंघोळ आणि धुणे मात्र बाहेरून आणलेल्या बादलीतल्या पाण्याने तिथेच करा. ठिबकणे थांबले तर दोष दाबाखालच्या पाइपात आहे, कारण तो दिवसरात्र गळत असतो. ठिबकणे चालूच राहिले आणि अंघोळीनंतर वाढले, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात, ट्रॅपच्या सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. आणि जून ते सप्टेंबरमध्येच ओल वाढत असेल आणि ती बाहेरच्या भिंतीकडून आत सरकत असेल, तर तुमच्या न्हाणीघराचा तिच्याशी बहुधा संबंध नाही.

फ्लशची टाकी झिरपते का तेही याच वेळी पाहून घ्या. रात्री टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातले पाणी निळे झाले तर टाकीतले रबर झिजले आहे. ते तुम्ही स्वतः बदलू शकता. या गळतीने खाली ओल येत नाही, पण पाणी पुष्कळ जाते.

खर्च कोणी करावा यावरून सोसायट्यांमध्ये फार कटुता येते, म्हणून तेही सांगतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेजची लाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते, आणि सदनिकेच्या आतली दुरुस्ती सभासदाने. वरील नोंदी दोन्ही घरांच्या सहीने लिहून ठेवल्या, तर संस्थेच्या समितीपुढे बोलताना आवाज चढवावा लागत नाही. यापुढचे काम मात्र प्लंबरचे आहे. फरशीला तुम्ही हात लावू नका.

प्रश्न : गीझर चालू असताना त्याच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. तिथे बूच मारले तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोणत्याही परिस्थितीत मारू नका. तो सुरक्षा व्हॉल्व्ह आहे. पाणी तापले की पसरते : 15 लिटरच्या गीझरमधले पाणी 25 अंशांवरून 75 अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. थंड पाण्याच्या बाजूला पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल, तर या वाढीव पाण्याला बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. थर्मोस्टॅट बिघडला आणि ही वाटही बुजवलेली असली, तर गीझरची टाकी फुटू शकते. त्या व्हॉल्व्हला नळी जोडून ती मोरीत सोडा, एवढेच तुमचे काम. गीझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार साचले आहेत किंवा लाइनीचा दाब जास्त आहे. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर असे होते, कारण पाण्याची दर 10 मीटर उंची साधारण 1 बार दाब वाढवते.

गीझरचे झाकण उघडणे, कॉइल बदलणे, वायरी जोडणे ही कामे कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. घरात अर्थिंग ठीक आहे का आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) बसवलेला आहे का, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्या; पाणी आणि वीज एकत्र असतात तिथे तोच जीव वाचवतो. आपल्या पत्राच्या शेवटी गॅस गीझर न्हाणीघरातच आहे असा ओझरता उल्लेख आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. बंद जागेत त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि अंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळत नाही. तो गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हलवून घ्या आणि तोवर वापरू नका.

प्रश्न : आमच्या बंगल्याची सेप्टिक टाकी भरली आहे. ओळखीच्या माणसाने एका मुलाला आत उतरवून साफ करून देतो असे सांगितले. योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, आणि त्या माणसाला आजच नकार द्या. टाकीत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंनी आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही जातो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि काम देणाराही त्यात दोषी धरला जातो. नगरपालिकेची किंवा परवानाधारक खासगी सक्शन गाडी बोलवा. झाकण उघडे असताना स्वतःही वाकून आत डोकावू नका.

प्रश्न : मी एकटी राहते. प्लंबर सांगेल ती रक्कम द्यावी लागते. आपल्याला फसवले जात आहे का, हे कसे ओळखावे? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : मजुरी आणि सामान यांचा हिशेब वेगवेगळा मागा. मोठे काम असेल तर प्लंबरकडून सामानाची यादी लिहून घ्या आणि ते स्वतः दुकानातून पावतीसह आणा. काढलेला जुना भाग घेऊन जाऊ देऊ नका. तो पाहून त्यात काय बिघडले होते ते त्याला दाखवायला सांगा. ज्याला काम येते तो आनंदाने दाखवतो, हा माझा अनुभव आहे. महानगरपालिकेच्या मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचे कोणतेही काम असेल तर परवानाधारक प्लंबरच लागतो, तिथे ओळखीच्या माणसाने केलेले स्वस्त काम बेकायदा ठरते. त्याच लाइनीला थेट मोटार जोडून देतो असे कोणी म्हणाले तर तेही नाकारा. तेही नियमबाह्य आहे, आणि मोटारीच्या ओढीने गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी पिण्याच्या पाण्यात येते.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मजुरी केवळ पाना फिरवल्याची नसते. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, पण बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली त्याहून अधिक वर्षे काढून शिकतात. मुंबई-पुण्यात काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून, पट्टामुंडाई भागातून आलेले असतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालते. घरापासून इतक्या दूर राहून दुसऱ्यांच्या मोरीत हात घालणाऱ्या माणसाला आपण बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि ठरलेले पैसे काम संपताच द्यावेत. घासाघीस कामाच्या आधी करावी, नंतर नाही. एवढे सांभाळले की तोच माणूस पुढच्या वेळी एका वॉशरसाठीसुद्धा येतो.

प्रश्न : आम्ही मुंबईत असतो आणि गावचे घर गणपतीनंतर थेट मे महिन्यात उघडतो. दर वेळी घरभर दुर्गंधी असते आणि विहिरीवरची मोटार पाणी उचलत नाही. यासाठी प्लंबर लागेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बहुधा लागणार नाही. दुर्गंधी येते ती ट्रॅपमधले पाणी आटल्यामुळे. घर बंद करताना प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि संडासाच्या भांड्यात तांब्याभर पाणी ओता आणि वर पळीभर खाद्यतेल सोडा. तेलाच्या थराने पाणी फार सावकाश आटते. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून रिकामे करा आणि पुन्हा बंद करा.

मोटार जमिनीवर बसवलेली असेल तर ती पाणी उचलत नाही, कारण पाइपातले पाणी उतरून त्यात हवा भरलेली असते. विहिरीत पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी पाइपात धरून ठेवतो, आणि त्याच्या झडपेत पान किंवा वाळू अडकली की पाणी पुन्हा विहिरीत उतरते. मे महिन्यात गेल्यावर मोटारीच्या डोक्यावरचे बूच काढा आणि तांब्याने पाणी ओतत राहा. पाणी काठोकाठ येऊन तिथेच थांबले तर बूच आवळून मोटार सुरू करा. पाणी ओतूनही खाली जात राहिले तर फूट व्हॉल्व्ह काढून साफ करावा किंवा बदलावा लागेल, आणि त्यासाठी विहिरीत वाकायचे आहे, तेव्हा ते काम गावातल्या माहीतगार माणसाकडे द्या. कोरडी मोटार पाणी येईल या आशेने चालू ठेवू नका. तिचे सील जळते. पाणी चढल्यावर घरातला सर्वांत खालचा नळ आधी उघडा, हवा फसफसत निघून जाऊ द्या, आणि पहिले गढूळ पाणी बादलीत धरून परसातल्या माडाच्या आळ्यात घाला.